साने, धुराडे, डक्ट : जुन्या घरांतील हवेच्या वाटांविषयी

जुन्या घराची पाहणी करताना भिंतींना गेलेले तडे, तुळयांना लागलेली वाळवी, छपराची गळती आणि पायातली ओल यांची दखल सहज घेतली जाते. परंतु त्या घरात हवा कोणत्या वाटेने येते, कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि ती वाट अजून मोकळी आहे किंवा नाही, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण हवेची वाट डोळ्यांना दिसत नाही आणि ती बुजली तरी घर कोसळत नाही. थंड हवामानाच्या काही देशांत ही वाट पत्र्याच्या बंदिस्त नळ्यांची असते आणि तिला ‘डक्ट’ म्हणतात. तळघरातील भट्टीत तापलेली हवा पंख्याच्या जोराने या नळ्यांतून प्रत्येक खोलीत जाते आणि दुसऱ्या नळ्यांतून पुन्हा भट्टीकडे येते. खान्देशातील जुन्या घरांत अशी व्यवस्था कधी नव्हती, म्हणून हा विषय येथे गैरलागू आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज मात्र चुकीचा आहे. धाब्याच्या छताला ठेवलेले साने, भिंतीतला झरोका, बिनधुराच्या चुलीचे धुराडे, न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाची मधली नळी, खिडकीत बसवलेला कूलर आणि अलीकडच्या स्वयंपाकघरातील विजेची चिमणी या सर्व हवेच्या बांधीव वाटाच आहेत; त्या जुन्या होतात, चोंदतात, गंजतात, फुटतात किंवा नव्या बांधकामाखाली गाडल्या जातात, आणि त्यांचे जे होते त्याचा परिणाम घरातील माणसांच्या छातीवर होतो.

या विवेचनाची भूमी नरडाणा आणि त्याभोवतीचा प्रदेश ही आहे. तापीच्या दक्षिणेस, धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात वसलेले हे गाव सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे स्थानक आहे, मुंबई–आग्रा महामार्ग त्याच्या जवळून जातो, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र येथे आहे आणि दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात धुळे–नरडाणा या नावाने गुंतवणूक क्षेत्र दाखवलेले आहे. एकाच परिसरात धाब्याची मातीची घरे, पत्र्याची घरे, सिमेंटच्या स्लॅबची घरे आणि कारखान्यांच्या शेड शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळे घरातील हवेचा इतिहास येथे जणू थरांथरांनी वाचता येतो. खान्देशाच्या कोणत्याही मोठ्या गावात हीच सरमिसळ कमीअधिक प्रमाणात आढळते.

धाब्याचे घर म्हणजे जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, लाकडी खांबांवर टेकलेल्या तुळया, त्यांवर अंथरलेल्या फळ्या किंवा काटक्या, आणि त्या सर्वांवर दाबून बसवलेला मातीचा जाड थर, अशी सपाट छताची रचना. मराठवाड्यात हिलाच माळवद म्हणतात. अशा घराला खिडक्या थोड्या आणि लहान असतात, कारण वैशाखातल्या झळा आत येऊ नयेत, हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. त्यामुळे उजेड आत येण्याचे आणि धूर बाहेर जाण्याचे काम छतातच ठेवलेल्या चौकोनी भोकाकडे सोपवलेले असते. या भोकाला साने किंवा सवणे म्हणतात. त्याचे तोंड पावसाळ्यात फरशीने, पत्र्याने किंवा उपड्या घातलेल्या भांड्याने झाकले जाते आणि पाऊस उघडला की पुन्हा उघडले जाते. दिसायला ही गोष्ट अगदी साधी आहे. पण घराचा श्वास त्या हातभर रुंदीच्या भोकावर अवलंबून असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भोकाच्या जागेची निवड, चुलीपासूनचे त्याचे अंतर आणि त्याची उघडझाप यांमागे अनुभवाने आलेले मोठे शहाणपण होते, असे म्हणावे लागते.

सान्यातून धूर का जातो, हे समजून घेतल्याशिवाय तो केव्हा जात नाही हे कळत नाही. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. वरच्या भोकातून ती बाहेर पडली की तिची जागा घेण्यासाठी दारातून थंड हवा आत शिरते, आणि अशा रीतीने आत एक सतत वाहता प्रवाह तयार होतो. या प्रवाहाला धुराड्याची ओढ म्हणता येईल. ओढ दोन गोष्टींनी वाढते: आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातील फरक, आणि हवा आत येण्याच्या व बाहेर पडण्याच्या जागांमधील उंची, परंतु ती त्यांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, दोहोंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे उंची चौपट केली तरी ओढ केवळ दुपटीने वाढते. पौषातल्या पहाटे, बाहेर कडाक्याची थंडी आणि आत पेटलेली चूल असताना, साने उत्तम काम देते. मे महिन्याच्या दुपारी, बाहेरची हवा ४४ अंशांच्या घरात आणि मातीच्या भिंतींआडची हवा तिच्यापेक्षा कितीतरी थंड असताना, हिशेब उलटतो: आतली जड हवा दाराच्या खालच्या बाजूने बाहेर सरकते आणि सान्यातून बाहेरचा उकाडा खाली उतरतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारी साने झाकण्याची आणि चूल भल्या पहाटे किंवा सांज ढळल्यावर पेटवण्याची रीत पडली असल्यास नवल नाही. हवेची वाट कायमची उघडी ठेवायची वस्तू नव्हती. ती ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे हाताळायची गोष्ट होती, आणि ती हाताळणारे हात बहुधा घरातील बाईचे होते.

धुराची बाजूही येथे न्यायाने मांडली पाहिजे. चुलीचा धूर कडीपाटाला आणि तुळयांना लागून त्यांवर काजळीचा चिकट थर बसवतो. त्या थरामुळे आणि वरच्या कोरड्या उष्णतेमुळे लाकडाला किडीचा व बुरशीचा उपद्रव कमी होतो, धान्याच्या कणग्यांना लागणारे पोरकिडे दूर राहतात आणि संध्याकाळचे डासही काहीसे हटतात. घर धुराच्या आधाराने टिकत होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. चूल बंद झालेल्या जुन्या घरात काही वर्षांतच तुळयांना भुंगा आणि वाळवी लागलेली दिसते, तेव्हा त्याचे एक कारण हेही असते. मात्र लाकडाला जे मानवते ते फुप्फुसाला मानवत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत राहत होत्या, हीच जुन्या घराची मुख्य अडचण होय.

ही अडचण मोजली जाण्यास बराच काळ लागला. शहरातील कारखान्यांच्या आणि मोटारींच्या धुराची मोजणी सुरू झाल्यानंतरही खेड्यातील स्वयंपाकघराची हवा फारशी कोणी मोजली नव्हती. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांनी ए. एल. अगरवाल आणि आर. एम. दवे यांच्यासह गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावरच मापक लावून केलेला अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि स्वयंपाकाच्या वेळी श्वासावाटे जाणाऱ्या धुळीचे प्रमाण दर घनमीटरला काही मिलिग्रॅम इतके असल्याचे त्यातून पुढे आले. हा आकडा किती मोठा, हे तुलनेने कळते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे धूलिकण. माणसाच्या केसाची जाडी त्यांच्या वीसपट किंवा त्याहून अधिक असते, आणि इतके बारीक कण नाकातल्या केसांना व घशातल्या ओलाव्याला न जुमानता फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. भारताने २००९ मध्ये बाहेरच्या हवेसाठी ठरवलेली या कणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीने ४० आणि चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या पातळ्या अनुक्रमे ५ आणि १५ मायक्रोग्रॅम आहेत. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. गुजरातेतील त्या मोजणीत मोठे कणही धरलेले असल्याने दोन्ही आकडे एकास एक ताडता येत नाहीत, तरीही चुलीच्या धुरातील बहुतांश कण बारीकच असतात, हे ध्यानात घेता अंतराची भीषणता कमी होत नाही.

घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि लंडनमधील पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका हळूहळू कायमच्या अरुंद होत जाण्याचा विकार, ज्याला घरोघरी ‘म्हातारपणचा दमा’ म्हणून सोडून दिले जाते. विडीला कधी हात न लावलेल्या आजीचा खोकला वयाचा नसून चाळीस वर्षांच्या चुलीचा असू शकतो, ही जाणीव वैद्यकशास्त्राला इतक्या उशिरा व्हावी, यात कोणाच्या श्वासाची किंमत किती धरली गेली होती, हेही दिसते.

धूर बाहेर नेण्याची बांधीव वाट प्रत्येक चुलीला असावी, हा विचार मात्र या मोजणीच्या कितीतरी आधीचा आणि महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेला आहे. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र असलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल आकाराला आली. तिला धुराडे होते आणि एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवण्याची सोय होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा नमुना सिद्ध केला. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या किंवा बांधल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने महाराष्ट्रासाठी अशा चुलींचे साचे आणि प्रशिक्षण यांवर दीर्घकाळ काम केले. या सर्व प्रयत्नांत चुलीच्या पोटाचा आकार, जाळाची वाट आणि इंधनाची बचत यांवर पुष्कळ विचार झाला. धुराड्याच्या देखभालीवर तितका झाला नाही.

हा मुद्दा येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण जुन्या डक्टची आणि जुन्या धुराड्याची कथा याच ठिकाणी एक होते. धुराडे बसवल्याच्या दिवशी उत्तम ओढते. पऱ्हाट्या, तुराट्या, ओली लाकडे आणि गोवऱ्या यांच्या धुरात वाफ आणि डांबरासारखे चिकट द्रव्य मिसळलेले असते. नळीच्या वरच्या, थंड भागात ते द्रव्य भिंतीवर गोठते, त्यावर काजळी चिकटते, आणि दर आठवड्याला हा थर जाड होत जातो. नळीचा व्यास निम्म्यावर आला की तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, शिवाय खडबडीत झालेली आतली बाजू प्रवाहाला अडवते. मग ओढ मंदावते आणि धूर चुलीच्या तोंडातून पुन्हा घरात येऊ लागतो. अशा वेळी घरातील बाईला वाटते की ही चूल मुळातच वाईट आहे, ती चुलीचे तोंड फोडून मोठे करते किंवा शेजारी तीन दगडांची जुनी चूल मांडते, आणि बाहेरून पाहणारा तज्ज्ञ नोंद करतो की लोकांनी सुधारणा नाकारली. वस्तुतः कोणी काही नाकारलेले नसते. नळी साफ करण्याचे काम कोणाचे, तिच्यासाठी लागणारा लांब दांड्याचा ब्रश कुठून आणायचा आणि छपरावर कोणी चढायचे, हे कधी ठरलेलेच नसते.

ओडिशात रेमा हन्ना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षे पाठपुरावा करून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष नेमका हाच आहे: पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर कमी झाला, पण पुढे तो लाभ नाहीसा झाला, कारण चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची दुरुस्ती झाली नाही. ग्वाटेमालात कर्क स्मिथ यांच्याच नेतृत्वाखाली धुराड्याच्या चुलींची जी चाचणी झाली, तिच्यात या चुलींची नियमित तपासणी व दुरुस्ती केली जात होती. तेथे बालकांच्या श्वासातील कार्बन मोनॉक्साइड सुमारे निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनियाचे प्रमाणही घटले, जरी एकूण न्यूमोनियातली घट ठामपणे सिद्ध झाली नाही. दोन्ही ठिकाणचे लोक, हवामान आणि चुली वेगळ्या होत्या, त्यामुळे एका अभ्यासाचे उत्तर दुसऱ्यावर लादता येणार नाही. तरीही नळी आणि तिची देखभाल ही दोन वेगळी कामे नाहीत, एवढे या दोहोंतून निःसंशय निघते.

धुराड्याच्या पोटातल्या थराइतकेच त्याच्या भिंतीचे वय महत्त्वाचे असते. सुधारित चुलींना त्या काळी अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्या अनेक ठिकाणी बसवल्या गेल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि आगीला टिकत. अॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. सिमेंटमध्ये पक्के अडकलेले असेपर्यंत त्याचा उपद्रव कमी असतो, परंतु नळीला तडे गेले, ती कापली किंवा फोडली तर सुटणारे तंतू फुप्फुसात जाऊन अनेक दशकांनंतरही कर्करोगाला कारण होऊ शकतात. म्हणून अशी जुनी नळी साफ करताना खरडणे, आणि काढताना हातोडीने तोडणे, या दोन्ही गोष्टी टाळल्या पाहिजेत. ती पाण्याने भिजवून, अखंड उतरवून दूर ठेवावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या नळीचा दोष वेगळा आहे: धुरातील आम्ल आणि वाफ यांनी मुलामा आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग ठाकठीक दिसत असतानाही सांध्यापाशी बारीक छिद्रे पडतात, आणि धूर छपराच्या वर न जाता कडीपाटाच्या आणि पत्र्याच्या मधल्या पोकळीत साचतो.

सान्याचा शेवट याहून साधा झाला. धाब्याची माती दर पावसाळ्याआधी नव्याने घालावी लागते, लाकूड महाग झाले, हाताखाली माणसे मिळेनाशी झाली, म्हणून जमेल तसे लोकांनी धाब्यावर पत्रा घातला किंवा धाबे उतरवून सिमेंटचा स्लॅब टाकला. नव्या छताला भोक ठेवणे म्हणजे गळतीला आमंत्रण, असा गवंड्याचा आणि मालकाचा सारखाच विचार झाला. भिंती जुन्या राहिल्या, खिडक्या लहान राहिल्या, चुलीची जागा तीच राहिली आणि हवेची वाट तेवढी गेली. घराचे रूप पालटले पण त्याच्या श्वासाचा विचार कोणी केला नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. स्लॅबचे घर पक्के म्हणून सरकारी कागदावर नोंदले जाते. त्यात हवा किती खेळते, याचा रकाना त्या कागदावर नसतो.

या चित्रात गॅसने मोठा फरक पाडला, हे मान्य केलेच पाहिजे. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलिया येथे सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. गॅसच्या ज्योतीतून बारीक कण जवळजवळ निघत नाहीत. पण जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली असे होत नाही: सिलिंडर भरून आणण्याचा खर्च असतो, शेतात पऱ्हाट्या फुकट असतात, आणि खान्देशाच्या स्वयंपाकातील काही कामे जाळाशिवाय होतच नाहीत. भरिताची वांगी काट्याकुट्यांच्या आणि पऱ्हाट्यांच्या धगीवर भाजली जातात, खापरावरच्या मांड्यांना मोठा आणि पसरलेला जाळ लागतो, काळ्या मसाल्यासाठी खोबरे आणि मिरच्या भाजताना उठणारा ठसका तर गॅसवरही सुटत नाही. ही कामे अंगणात, उघड्यावर झाली तर त्यांत धोका थोडा आहे. बंद पडवीत झाली तर वर्षभर गॅसने वाचवलेला श्वास त्या चार दिवसांत खर्ची पडतो. चुलीसोबत इतर ज्योतीही विसरता येत नाहीत. ‘चिमणी’ हा शब्द मराठीत धुराड्याला, पाखराला आणि घासलेटाच्या लहान दिव्याला सारखाच लागतो, आणि त्या दिव्याला काचेची चिमणी मात्र नसते. अशा उघड्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या घासलेटाचा ७ ते ९ टक्के भाग काजळी होऊन हवेत जातो, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले. डासांची एक उदबत्ती जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते, हा २००३ चा निष्कर्षही खिडक्या लावून झोपणाऱ्या घरांनी जाणून घेण्यासारखा आहे.

न्हाणीचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो धुराचा नाही, तर न दिसणाऱ्या वायूचा आहे. तांब्याच्या बंबात मध्यभागी उभी नळी असते, तिच्या तळाशी जाळ आणि भोवती पाणी. ही नळी म्हणजे एक छोटे धुराडेच, आणि तिचे तोंड मोकळे असेल, न्हाणीला वर झरोका असेल, तोपर्यंत व्यवस्था निर्वेध चालते. बंबाच्या जागी भिंतीवर गॅस गीझर आला, न्हाणीला फरशी आणि घट्ट बसणारे दार आले, झरोक्याला काच लागली. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. अंघोळ करणाऱ्याला आधी डोके जड वाटते, मग उभे राहण्याची शक्ती जाते आणि दाराची कडी काढणेही जमत नाही. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर बसवणे, किंवा त्याच्या धुराला थेट बाहेर नेणारी नळी देणे आणि झरोका उघडा ठेवणे, हा सोयीचा नव्हे, जीव वाचवण्याचा प्रश्न आहे.

खान्देशात डक्ट हा शब्द सर्वसाधारण माणसाच्या तोंडी आला तो कूलरमुळे. पत्र्याच्या पेटीच्या तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पंपाने ठिबकणारे पाणी आणि चौथ्या बाजूला पंखा: बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढली जाते, पाण्याची वाफ होते, आणि एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता काढून घेतली जाते. मोठ्या घरांत, दवाखान्यांत आणि मंगल कार्यालयांत हीच हवा गच्चीवरच्या कूलरमधून पत्र्याच्या नळीने खोल्याखोल्यांत सोडली जाते. या यंत्राचा एक गुण असा की ते खोलीतली तीच ती हवा फिरवत नाही, सतत बाहेरची हवा आत आणते. पण तो गुण तेव्हाच कामी येतो, जेव्हा समोरची खिडकी उघडी असते आणि आलेल्या हवेला बाहेर जायला वाट असते. पुष्कळ घरांत गारवा निघून जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. मग ओलावा साचतो, अंगाला चिकचिक होते, कूलर थंडावा देत नाही अशी तक्रार होते, आणि मातीच्या भिंतीवर, कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके उमटतात. बोअरच्या कठीण पाण्याने गवतावर पांढरा क्षार चढतो, त्यात धूळ अडकते, आणि हंगाम संपल्यावर ओले गवत तसेच पेटीत राहिले तर पुढच्या चैत्रात पहिल्यांदा पंखा लावताच वर्षभराची बुरशी एका झोतात खोलीत येते. गवत दरवर्षी बदलण्याची रीत म्हणूनच चांगली आहे. तिला टाकीच्या कडा घासून धुण्याची जोड हवी, कारण डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची अंडी पाणी आटल्यावरही टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पत्र्याच्या नळीत पाणी साचू नये म्हणून तिला कूलरकडे किंचित उतार असावा, आणि तिच्या सांध्यांवरील पट्टी सुटली आहे का, हे हंगामाआधी हाताने चाचपून पाहावे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या विषयाचा अनुभव वेगळ्या दाराने येतो. अमेरिकेतील पन्नास-साठ वर्षांच्या घरात राहायला गेल्यावर फोडणीचा वास दुसऱ्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत का पोचतो, याचे उत्तर तेथील डक्टमध्ये असते: हवा घरभर फिरवली जाते, आणि चुलीवरचा पंखा अनेकदा धूर बाहेर न नेता गाळणीतून गाळून तेथेच परत सोडतो. तेथील ऊर्जाबचतीच्या शासकीय कार्यक्रमाच्या अंदाजानुसार नेहमीच्या घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून आणि छिद्रांतून वाया जाते. शिवाय परतीच्या नळीला छिद्र असेल तर तळघरातील ओल आणि धूळ तिच्यात ओढली जाते. मात्र डक्ट सरसकट धुऊन घेतल्याने आरोग्य सुधारते, असे सिद्ध झालेले नाही, हे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने स्पष्टपणे सांगितले आहे. बुरशी दिसत असेल, उंदीर-किडे असतील किंवा धुळीने वाट चोंदली असेल तरच सफाई करावी, असा तिचा सल्ला आहे. खान्देशातील शहरांत विजेची चिमणी विकताना गाळणीवर चालणारी, नळी न लागणारी चिमणी सोयीची म्हणून सुचवली जाते, तेव्हा हे स्मरणात असावे: कोळशाची गाळणी वास आणि तेलकटपणा काही काळ अडवते, वाफ आणि ज्वलनाचे वायू अडवत नाही.

कोंदलेल्या हवेचे माप काय, हा प्रश्न जुना आहे. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत हजार भागांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा सुचवली. तो वायू स्वतः इतक्या प्रमाणात विषारी नसतो, पण तो वाढला याचा अर्थ माणसांनी सोडलेली हवा खोलीतून जात नाही, एवढे त्यावरून कळते. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, रोग कोंदट हवेतून पसरतो या समजुतीने, इमारतींमधील अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला, म्हणजे समोरच्या इमारतीची उंची तिच्या अंतराच्या सुमारे दुपटीहून अधिक नसावी. प्लेग हवेतून नव्हे तर मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पुढे कळले. कारण चुकले होते, तरी त्या नियमामुळे कित्येक खोल्यांत ऊन आणि वारा आला.

आज मात्र खिडकी उघडणे हे पूर्वीइतके निर्धोक उत्तर राहिलेले नाही. महामार्गावरच्या मालट्रकांचा धूर, कारखान्यांची आणि जिनिंगची धूळ, चैत्र-वैशाखातल्या वावटळी आणि शेतात पेटवलेला काडीकचरा यांमुळे बाहेरची हवा काही प्रहरी आतल्या हवेपेक्षा वाईट असते. सान्याच्या काळी जसा प्रहर पाहून झाकण सरकवले जात होते, तसाच विवेक आता खिडकीच्या बाबतीत लागतो: महामार्गाच्या बाजूची खिडकी रात्रीच्या वर्दळीत बंद आणि परसाकडची उघडी, स्वयंपाकाच्या वेळी मात्र दोन्ही उघड्या. घराच्या आतल्या हवेसाठी वेगळी कायदेशीर मर्यादा भारतात नसल्यामुळे ही जबाबदारी सध्या तरी घरावरच येऊन पडते, आणि घरात ती नेमकी कोणावर, हा प्रश्न उरतोच.

जुन्या घराची हवा जाणून घेण्यासाठी पहिल्या दिवशी यंत्र लागत नाही, काजळी पुरते. धूर ज्या वाटेने गेला तेथे तो आपली खूण ठेवतो. सान्याच्या कडा काळ्या आणि बाकीचे छत धुरकट असेल तर वाट नीट होती. धुराडे जेथे छपरातून बाहेर निघते त्या सांध्याभोवती तपकिरी ओघळ दिसत असतील तर नळी आतून खाल्ली गेली आहे. स्लॅबच्या घरात भिंतीच्या वरच्या दोन-तीन हातांचा पट्टा सर्वत्र सारखा काळवंडलेला असेल तर धुराला कोठेच जाता आलेले नाही आणि तो दररोज माणसांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत भरत आलेला आहे. आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीची वरची कड, आतल्या खोलीच्या बाजूने, जर काळी झालेली असेल तर धूर बाहेर न जाता त्या वाटेने, जेथे पाळणा टांगलेला असतो आणि म्हाताऱ्या माणसांची अंथरुणे घातलेली असतात, त्या खोलीत गेलेला असतो.